घोयऱ्याचे रंग : कसे बदलतात आणि का बदलतात?



'सरड्यासारखा रंग बदलतो' हे वाक्य आपण माणसांविषयी, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत, इतक्या वेळा वापरतो की खरा सरडा रंग बदलतो म्हणजे नेमके काय करतो, याचा विचार करायचे राहूनच जाते. शिवारफेरीत किंवा शेतकरी मेळाव्यात पिकांवरील किडींची चर्चा संपली की कोणीतरी हमखास विचारते, "बांधावर हिरवा सरडा दिसला. जवळ गेलो तर फुगला आणि काळा पडला. तो विषारी असतो का?" या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात 'नाही' असे आहे. परंतु रंग बदलतानाचे त्याचे रूप ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याचे एका शब्दाने समाधान होत नाही. या गैरसमजापायीच हा निरुपद्रवी प्राणी दिसताक्षणी दगडाने ठेचला जातो. म्हणून या लेखात रंगबदलामागची कारणे व प्रक्रिया सविस्तर समजावून घेऊ.

प्रथम ओळख

आपल्या शेतात दिसणारा प्रत्येक सरडा सारखा नसतो. कुंपणावर मान वरखाली करणारा, पळाला की दिसेनासा होणारा, तो बागसरडा. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण त्याला शोभते. विणीच्या हंगामात नराचे डोके व गळा लालभडक होतो. तो रक्त पितो म्हणून लाल होतो, अशी एक समजूत आहे, तीही चुकीचीच. लाल गळा हा माद्यांना आणि इतर नरांना दिलेला इशारा असतो.

या लेखाचा विषय असलेला प्राणी वेगळा आहे. त्याला सरडगुहिरा किंवा घोयरा म्हणतात. इंग्रजीतील शॅमेलिऑन तो हाच. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती असून त्यांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आहेत. भारतात मात्र एकच जात आढळते. तिचे शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस. भारताखेरीज ती श्रीलंका व पाकिस्तानातही सापडते.

घोयरा ओळखण्याच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत :

१) शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, पानासारखे, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा.
२) डोळे बुरुजासारखे बाहेर आलेले. दोन्ही डोळे एकाच वेळी दोन वेगळ्या दिशांना फिरतात.
३) पायाची बोटे दोन गटांत जुळलेली, त्यामुळे पंजा चिमट्यासारखा दिसतो. फांदी घट्ट पकडण्यासाठी ही रचना असते.
४) शेपूट गुंडाळता येते आणि फांदीला वेढा घालता येतो.
५) चाल अतिशय संथ. प्रत्येक पाऊल मागेपुढे डोलत टाकतो, जणू वाऱ्यावर हलणारे पान.
६) जीभ शरीरापेक्षा लांब. क्षणार्धात बाहेर फेकून तिच्या चिकट टोकाने कीटक पकडतो.

एवढ्या संथ प्राण्याला पळून जीव वाचवता येत नाही. त्याने काय बोलायचे, काय लपवायचे, ऊन किती घ्यायचे, या साऱ्या गोष्टी त्याची कातडीच पार पाडते. रंगबदलाचे महत्त्व या दृष्टीने पाहावे.

कातडीतील थर

जमिनीचा खड्डा खणला की वरची माती, खालचा मुरूम आणि तळाचा खडक असे थर दिसतात. घोयऱ्याच्या कातडीतही असेच थर असतात. सर्वांत वरचा थर पारदर्शक असतो. त्याखाली पिवळे व तांबडे रंगद्रव्य असलेल्या पेशी असतात. त्यांच्या खाली चमकणाऱ्या पेशींचा थर असतो. सर्वांत खाली मेलॅनिन हे काळे-तपकिरी रंगद्रव्य असलेल्या पेशी असतात. आपल्या कातडीला व केसांना ज्यामुळे काळेपणा येतो, तेच हे मेलॅनिन.

या काळ्या पेशींचा आकार झाडाच्या मुळांसारखा असतो. पेशीचा गड्डा खाली आणि तिच्या बारीक फांद्या वरच्या थरांपर्यंत गेलेल्या. मेलॅनिनचे कण गड्ड्यात गोळा झाले की वरचे रंग उजळ दिसतात. हेच कण फांद्यांमधून वर पसरले की वरचे रंग झाकोळतात आणि कातडी काळपट होते. शाईची गुठळी टीपकागदावर पसरावी आणि पुन्हा गोळा व्हावी, तसा हा प्रकार आहे. कण पसरवायचे की गोळा करायचे, याचा हुकूम मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत येतो. म्हणूनच बदल काही सेकंदांत दिसू लागतो.

व्हिएन्ना येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्रुक यांनी १८५२ मध्ये आफ्रिकेतील शॅमेलिऑनच्या रंगबदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यानंतर दीर्घकाळ सगळा रंगबदल रंगद्रव्याच्या कणांच्या हालचालीमुळेच होतो, असे मानले जात असे. काळपटपणापुरते ते बरोबरही आहे. पण हिरव्याचा झगझगीत पिवळा, निळ्याचा पांढुरका, हे बदल केवळ कणांच्या हालचालीने समजावता येत नव्हते. त्याचे उत्तर मधल्या चमकणाऱ्या थरात होते.

ओळींतील अंतराची करामत

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठात मिशेल मिलिंकोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी मादागास्करमधील पँथर शॅमेलिऑन या जातीच्या कातडीचा अभ्यास करून २०१५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चमकणाऱ्या पेशींमध्ये ग्वानीन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने रचलेले असतात, आणि या स्फटिकांमधील अंतर तो प्राणी कमी-जास्त करू शकतो, असे त्यांना आढळून आले.

ग्वानीन हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेपासून मिळणाऱ्या 'ग्वानो' या खताचे नाव आपण ऐकले असेल. ग्वानीन प्रथम त्या खतातून वेगळे केले गेले, म्हणून त्याला हे नाव मिळाले. माशांच्या खवल्यांना येणारी चांदीसारखी चमकही ग्वानीनच्या स्फटिकांमुळेच असते. ग्वानीनला स्वतःचा निळा किंवा लाल रंग नाही. रंग उत्पन्न होतो तो स्फटिकांच्या मांडणीतून.

हे कसे, ते पाहू. सूर्यप्रकाश अनेक रंगांचा मिळून बनलेला असतो आणि प्रत्येक रंगाच्या लहरीची लांबी वेगळी असते. निळ्या प्रकाशाची लहर आखूड, साधारण ४५० नॅनोमीटर. तांबड्याची लांब, साधारण ६५० नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. स्फटिकांच्या एकामागे एक असलेल्या ओळींवरून प्रकाश परत फिरतो, तेव्हा ज्या रंगाची लहर त्या ओळींतील अंतराशी जुळते, तिला प्रत्येक ओळीकडून बळ मिळते. झोक्याला योग्य वेळी धक्का दिला की तो उंच जातो आणि अवेळी दिला की थांबतो, तसेच हे आहे. जुळणारा रंग ठळकपणे परत येतो. बाकीचे फिके पडतात.

आपण पेरणी करताना दोन ओळींत ३० सें.मी. अंतर ठेवायचे की ४५ सें.मी., हे पिकानुसार ठरवतो. घोयऱ्याच्या या नातेवाइकाने अशी पाभर कातडीतच बसवली आहे. तो शांत असतो तेव्हा स्फटिक दाट असतात. दाट स्फटिकांवरून आखूड लहरीचा निळा प्रकाश परततो. तो वरच्या पिवळ्या थरातून बाहेर येताना हिरवा दिसतो. म्हणजे हिरव्या शॅमेलिऑनचा हिरवा रंग हा पानासारखा हरितद्रव्याचा नसून निळा आणि पिवळा यांच्या मिलाफाचा असतो. दुसरा नर समोर आला आणि तो चवताळला की स्फटिकांतील अंतर सुमारे तीस टक्क्यांनी वाढते. मग लांब लहरीचे पिवळे, नारिंगी व तांबडे रंग परतू लागतात आणि काही मिनिटांत सबंध अंगाचा नूर पालटतो.

याचा पडताळा घेण्यासाठी या शास्त्रज्ञांनी कातडीचा लहान तुकडा खारट द्रावणात ठेवला. खारवट जमिनीत मुळांना पाणी घेणे कठीण होते, हे आपण जाणतोच. तसेच येथे पेशींतील पाणी बाहेर ओढले गेले, पेशी आकसल्या, स्फटिक जवळ आले आणि कातडीचा रंग निळ्याकडे झुकला. रंग अंतरावर अवलंबून असतो, हे त्यामुळे सिद्ध झाले.

रचनेतून निर्माण होणारा रंग आपण रोज पाहतो. साबणाच्या फुग्यावरचे रंग, पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात सांडलेल्या डिझेलचे पट्टे, मोराच्या पिसावरचा निळा डोळा, ही सारी याचीच उदाहरणे. घरातील शाळकरी मुलांना वाटीभर पाण्यावर साबणाचा फुगा करून दाखवा. फुग्याचे पापुद्रे पातळ होत जातील तसे रंग सरकताना दिसतील. फुगा मात्र पाण्याचा व साबणाचाच असतो. त्यात रंग कोणी घातलेला नसतो.

रंग का बदलतो?

सर्वसाधारण समज असा की घोयरा ज्या वस्तूवर बसतो, तिचा रंग घेतो. तो लाल फडक्यावर ठेवला तर लाल आणि चौकटीच्या सतरंजीवर ठेवला तर चौकटींचा होतो, असेही सांगितले जाते. असे होत नाही. आपल्याकडील घोयऱ्याचे रंग मुख्यतः हिरवा, पिवळसर, तपकिरी आणि काळपट, व त्यांवर पट्टे किंवा ठिपके एवढेच असतात. पानांत आणि फांद्यांत राहणाऱ्याचा नेहमीचा रंगच हिरवा-तपकिरी असल्यामुळे तो सहज दिसत नाही. लपण्यासाठी त्याला बहुतेक वेळा रंग बदलावा लागत नाही. बदलण्याची मुख्य कारणे दुसरी आहेत.

१) ऊन घेण्यासाठी व टाळण्यासाठी : सरपटणारे प्राणी शरीराची उष्णता स्वतः तयार करून टिकवू शकत नाहीत. काळ्या प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली जमीन अधिक तापते, तर चंदेरी आच्छादन प्रकाश परत फिरवते, हे आपण भाजीपाल्याच्या वाफ्यांवर पाहतो. शॅमेलिऑन हेच करतो. आफ्रिकेच्या नैर्ऋत्येकडील नामिब वाळवंटातील नमाक्वा शॅमेलिऑन थंडगार सकाळी काळा होऊन ऊन शोषून घेतो आणि दुपारी फिकट होऊन ते परतवतो. जिनिव्हा येथील अभ्यासात चमकणाऱ्या पेशींचा आणखी एक खालचा थर आढळला. त्यातील स्फटिक मोठे असून ते डोळ्यांना न दिसणारी अवरक्त किरणे मोठ्या प्रमाणावर परतवतात. तापत्या उन्हापासून बचाव करण्यास या थराचा उपयोग होत असावा, असे मानले जाते.

२) आपसांतील बोलण्यासाठी : हे सर्वांत महत्त्वाचे कारण होय. डेव्ही स्टुअर्ट-फॉक्स व अदनान मौसाली यांनी दक्षिण आफ्रिकेतील बुटक्या शॅमेलिऑनच्या २१ प्रकारांची तुलना करून २००८ मध्ये निष्कर्ष मांडला. रंगबदल लपण्यासाठी विकसित झाला असता, तर विविध प्रकारच्या परिसरात राहणाऱ्या जातींमध्ये तो सर्वाधिक असायला हवा होता. तसे दिसले नाही. ज्या जातींचे नर एकमेकांना सर्वांत उठून दिसणारे रंग दाखवतात, त्यांच्यातच रंग बदलण्याची क्षमता सर्वांत जास्त आढळली.

येमेन व सौदी अरेबियातील एका जातीच्या नरांवर अमेरिकेतील ॲरिझोना येथे झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्याच्या अंगावरचे पट्टे अधिक उजळ होतात तो पुढे सरसावण्याची शक्यता जास्त असते, आणि ज्याचे डोके अधिक वेगाने व अधिक उजळ होते तो झुंज जिंकण्याची शक्यता जास्त असते. हरणारा नर उलट भराभर काळपट होतो. 'मी हरलो, आता पुरे' असे तो रंगाने सांगतो, आणि पुढची मारामारी टळते. याच जातीची गाभण मादीही गडद रंग धारण करून नराला दूर राहण्याचा संदेश देते.

३) शत्रूपासून बचावासाठी : हा उपयोगही अगदीच नाही असे नाही. दक्षिण आफ्रिकेतील एका बुटक्या जातीत पक्षी दिसल्यावर प्राणी भोवतालच्या रंगाशी अधिक जुळता होतो आणि साप दिसल्यावर तेवढा नाही, असे आढळले आहे. पक्ष्यांची रंग ओळखण्याची शक्ती सापांपेक्षा चांगली असल्याने त्यांच्यापासून लपण्यासाठी जास्त काळजी घ्यावी लागते.

काळा पडला म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपण जवळ जातो, चार माणसे गोळा होतात, कोणी काठीने डिवचतो. घोयऱ्याला पळता येत नाही. तो अंगात हवा भरून फुगतो, तोंड उघडतो, फूत्कारतो आणि गडद होतो. अंगावर पट्टे व ठिपके उमटतात. नेमका हाच अवतार पाहून 'विष चढले' असे आपण म्हणतो आणि दगड उचलतो. प्रत्यक्षात तो काळा रंग भीतीचा असतो. आपण मोठे व भयंकर आहोत असे भासवण्याचा तो त्याचा शेवटचा उपाय असतो. आपल्या बाबतीत तोच उपाय त्याच्या जिवावर बेततो.

शॅमेलिऑनच्या कोणत्याही जातीला विष नसते. त्याच्या लाळेत, श्वासात, नखांत किंवा नजरेत विष नसते. फार डिवचल्यास तो चावतो, पण तो केवळ चिमटा असतो. त्याच्या दर्शनाने अपशकुन होतो किंवा त्याच्या अवयवांनी औषध अथवा मंत्रतंत्र साधतो, या समजुतींना कोणताही आधार नाही.

शेतीशी संबंध

घोयरा नाकतोडे, माश्या, पतंग, अळ्या असे कीटक खातो. त्यामुळे तो शेतकऱ्याचा मित्र आहे. मात्र याविषयी अतिशयोक्ती करणे योग्य नाही. त्याची संख्या थोडी असते आणि तो मधमाशी व फुलपाखरूही खातो. एकट्या घोयऱ्यामुळे बोंडअळी किंवा घाटेअळी आटोक्यात येणार नाही. त्यासाठी एकात्मिक कीड व्यवस्थापनच करावे लागेल. परंतु बांधावर घोयरा टिकून आहे, याचा अर्थ तेथे त्याला पुरतील एवढे कीटक आहेत, झाडोरा आहे आणि विषारी औषधांचा मारा बेसुमार झालेला नाही. बेडूक, पक्षी, कोळी, ढालकिडे या सर्वांनाही असाच बांध लागतो. या सर्वांचे मिळून होणारे काम मोठे असते.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१) बांधावरील बोर, करंज, निरगुडी, बाभूळ यांसारखी झाडे-झुडपे सरसकट तोडू नयेत. पिकाला सावली होत असल्यास फांद्या छाटाव्यात, झाड ठेवावे.
२) उन्हाळ्यात बांध व काडीकचरा पेटवू नये. संथ प्राण्यांना आगीतून पळता येत नाही. काडीकचरा कंपोस्ट खड्ड्यात टाकावा. जमिनीलाही त्याचा लाभ होईल.
३) कीटकनाशकांची फवारणी किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच करावी आणि फवारा कुंपणाच्या झाडोऱ्यावर जाऊ देऊ नये.
४) घोयऱ्याची मादी अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते व मातीत खड्डा करून त्यात अंडी घालते. ती अंडी खणताना आढळल्यास तशीच पुन्हा मातीने झाकावीत.
५) रस्ता ओलांडताना घोयरा दिसल्यास वाहन थांबवावे. हाताळण्याची भीती वाटत असल्यास त्याच्यापुढे काठी आडवी धरावी. तो स्वतःच तिच्यावर चढतो. मग ज्या दिशेला तो चालला होता त्या बाजूच्या झुडपावर काठी टेकवावी.
६) घोयऱ्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे. त्याला मारणे, पकडणे, पाळणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. कोणी पकडून विकत असल्यास वनविभागास कळवावे.

सारांश

घोयऱ्याचा हिरवा रंग स्फटिकांच्या दाट ओळी आणि पिवळे रंगद्रव्य यांतून तयार होतो. काळपटपणा मेलॅनिनच्या पसरण्याने येतो. ऊन, राग, हार, गाभणपण आणि भीती या गोष्टी तो रंगातून सांगतो. माणसाने स्वार्थासाठी रंग बदलला की आपण सरड्याचे नाव घेतो. पण हा बिचारा रंग बदलतो तो मनातले लपवण्यासाठी नव्हे, उघड सांगण्यासाठी. यापुढे आपल्या बांधावर तो दिसला आणि आपल्याला पाहून काळा पडू लागला, तर दोन पावले मागे सरा, काठी बाजूला ठेवा आणि थोडा वेळ थांबा. धोका टळला असे वाटले की तो पुन्हा हिरवा होऊ लागेल. मुलांनाही बोलावून दाखवा. हा धडा कोणत्याही पुस्तकापेक्षा त्यांच्या अधिक लक्षात राहील.